पाच महिने मी चावी होतो

मी जुना मोबाइल आहे, मित्रांनो. माझ्या पाठीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तडा आहे आणि माझी बॅटरी आता भरली तरी पूर्ण भरत नाही. माझ्या जातीचे बहुतेक जण म्हातारपणी ड्रॉवरमध्ये पडून असतात आणि आपण किती फोटो काढले, किती गाणी ऐकवली, ते आठवत राहतात. माझ्याजवळही तशा आठवणी आहेत. पण मला सांगायचं आहे ते पाच महिन्यांबद्दल. त्या पाच महिन्यांत मी मोबाइल असून एका कारची चावी होतो. आणि त्यातही एका सकाळबद्दल.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. ती अक्षरं घासून गेली. माझी काच वाळूची आहे, बॅटरीत लिथियम आहे, तारांत तांबं आहे. म्हणजे माझ्या अंगात तीन-चार देशांची माती असावी. चंद्रपूरच्या बाजारातल्या एका दुकानात मी सतरा दिवस काचेच्या कपाटात उभा होतो. अठराव्या दिवशी प्रफुल आला, त्याने मला हातात घेतलं, कानाजवळ नेऊन उगाचच हलवून पाहिलं आणि म्हणाला, "हाच द्या."

प्रफुल भद्रावतीला राहतो. कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे त्याचं. बंद पडलेली वस्तू पाहिली की त्याचे डोळे चमकतात. पहिली चार वर्षं त्याने मला फुलासारखं जपलं. मी त्याचा हिशेब ठेवायचो, त्याला वाट दाखवायचो, लाइट गेली की उजेड द्यायचो. त्याची आई प्रेमिला रोज संध्याकाळी माझ्यातून आपल्या धाकट्या बहिणीशी, चंदाशी बोलायची. चंदा नागभीडकडच्या सावरबोडी गावात राहते. दोघी बहिणी इतक्या मोठ्याने बोलायच्या की माझी गरज नसावी असं वाटे.

पाचव्या वर्षी कार आली. विजेवर चालणारी, पांढरी. तिच्याबरोबर एक खरीखुरी चावीही आली होती. पण पूजेच्या दिवशी प्रेमिलाने ती हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली आणि मग तिथून हलवू दिली नाही. प्रफुलला त्याचं काही वाटलं नाही.

"राहू दे तिले देवापाशी," तो म्हणाला. "आता चावी घेऊन फिरते कोण? मोबाइलच चावी हाय."

त्याने माझ्यात एक ॲप टाकलं. एका हिरव्या गोलावर बोट ठेवलं. अंगणातली कार दोनदा डोळे मिचकावून उघडली. शेजारी पाहत होते. मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. आजवर मी दाखवणारा, ऐकवणारा होतो. आता मी उघडणारा झालो.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. मी सतत एक अगदी हलका रेडिओ संदेश सोडत असतो. कारला तो ऐकू आला की ती समजते, मालक जवळ आहे. संदेश क्षीण झाला की ती समजते, मालक गेला. मग ती स्वतःच स्वतःला कुलूप लावते. सात-आठ पावलांपर्यंत माझा आवाज चांगला पोचतो. मध्ये भिंत आली, माणसाचं अंग आलं, पाणी आलं, की तो दबतो. कार मालकाला ओळखत नाही. ती फक्त मला ओळखते. सगळी अडचण इथूनच सुरू झाली.

प्रफुलची खाट खिडकीपाशी, कार खिडकीबाहेर. तो मला उशाशी ठेवून कूस बदले आणि कार कधी उघडे, कधी लागे. शेजारचे बापूजी सकाळी विचारायचे, "काऊन रे, तुयी गाडी झोपेत बडबडते का?" कार धुवायला द्यायची तर धुणाऱ्याच्या हाती मलाच द्यावं लागे, आणि मग तासभर प्रफुल पायरीवर बसून दुसऱ्याच्या ओल्या हातात मला वाजताना पाहत राही. एकदा प्रेमिलाला मागच्या सीटवर बसवून तो भाजी घ्यायला उतरला. मी त्याच्या खिशात. कारला वाटलं, मालक गेला. तिने दारं लावली. प्रेमिला जराशी हलली तर तिने चोर समजून बोंब ठोकली. त्या दिवशी प्रेमिला घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि आल्यावर थांबलीच नाही.

"तुया चंदामावशीची पोरगी मयुरी हुशार हाय, तिच्याबी मोबाइलमध्ये टाकून ठेव न हे चावी," ती म्हणाली. तसं करता येत होतं. दोन मोबाइलांत एकच चावी राहू शकते.

"टाकतो न," प्रफुल म्हणाला. त्याने ते टाकलं नाही.

आता त्या सकाळकडे येतो.

सावरबोडीला मोठा तलाव आहे. त्यात मासे सोडायचे आणि धरायचे हे काम आजवर गावातल्या पुरुषांची सोसायटी करत आली. यंदा पहिल्यांदा तो तलाव बायकांच्या गटाला मिळाला, तोही एका वर्षासाठी. साल नीट गेलं तर पुढे मिळणार होता. गटाची अध्यक्ष चंदा. सोसायटीतले जुने लोक पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून बघत आणि हसत. त्यांच्यात मुखरूभाऊ सगळ्यांत म्हातारे आणि सगळ्यांत तिखट.

"चंदे," ते म्हणायचे, "मासोळी काई सुनेसारखी सांगितलं का ऐकत नाई."

"सून कुठी ऐकते भाऊ," चंदा म्हणायची. "तुमच्याच घरी पाहा न."

तलावात सोडायला बोटुकली लागते. म्हणजे बोटाएवढी झालेली माशांची पिल्लं. रोहू, कतला, मिरगल. ऑगस्ट अर्धा झाला होता आणि मत्स्यबीज केंद्रात त्या मोसमाची शेवटची खेप उरली होती. ती चंदाच्या गटाच्या नावावर होती. ती हुकली असती तर त्या वर्षी तलावात सोडायला काहीच नव्हतं. गावातला इसरू नेहमी आपल्या पिकअपने बीज आणतो. आदल्या दिवशी त्याच्या गाडीची क्लचप्लेट गेली. चंदाने बहिणीला फोन केला आणि प्रफुल मला घेऊन त्याच संध्याकाळी सावरबोडीला पोचला.

"मायी गाडी एसीची हाय, मावशी," तो म्हणाला. "तुया मासोळ्या थंड्या हवेत येतीन. पिकअपपेक्षा बेस."

बोलणं चुकीचं नव्हतं. बोटुकलीची पिशवी जाड प्लास्टिकची असते. खाली एक भाग पाणी, वर दोन भाग प्राणवायू, तोंड घट्ट बांधलेलं. पाणी थंड असेल तर मासे श्वास कमी घेतात आणि तो प्राणवायू सहा-आठ तास पुरतो. पाणी तापलं की ते भराभर श्वास घेतात, प्राणवायू झपाट्याने संपतो आणि त्यांचीच घाण त्यांना विष होते. म्हणून बीज पहाटे निघतं आणि ऊन चढायच्या आत पाण्यात पडतं.

त्या रात्री वाऱ्याने गावची लाइट गेली होती. मी चार्जिंगला लावलेला होतो, पण तारेत वीजच नव्हती. सकाळी माझ्यात चौतीस टक्के उरले होते. कारमध्ये चार्जिंगची तार होती. पण पहाटे बीज केंद्रावर चोवीस पिशव्या रचताना ती खाली दबली. माझ्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह होतं, पाहणाऱ्याला दिसेल एवढं. बरोबर आलेल्या मयुरीने ते पाहिलंही.

"दादा, मोबाइल कमी हाय तुझा."

"होते न. गावाले पोचलो का लावू."

साडेनऊला आम्ही तलावाच्या पाळीखाली उभे होतो. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती आणि ऊन चटके देत होतं. बायका टोपल्या, दोऱ्या घेऊन तयार होत्या. पण चंदा सांडव्याकडून धावत आली.

"थांबा! सोडू नका. सांडव्याची जाळी फाटली."

तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहत होतं. तिथे आडवी जाळी लावलेली असते. ती फाटलेली असताना बीज सोडलं असतं तर पिल्लं वाहून नाल्यात गेली असती. म्हणजे आधी जाळी बांधायची. त्याला उंच माणूस हवा होता, कारण प्रवाहात कमरेइतकं पाणी होतं.

"मी येतो," प्रफुल म्हणाला. "पिशव्या गाडीतच राहू द्या. एसी चालू ठेवतो."

त्याने एसी चालू ठेवला, दार लोटलं आणि शर्ट काढला.

सावरबोडीत पाण्यात उतरताना मोबाइल काठावर ठेवत नाहीत, मित्रांनो. पाळीवर एक मोहाचं झाड आहे. त्या गावात रेंज येते ती त्या झाडाखालीच. त्याच्या फांदीला एक काळी रेग्झिनची थैली बांधलेली असते. तलावात उतरणारे सगळे आपापले मोबाइल तिच्यात टाकतात; काम होईपर्यंत आलेले मेसेज पोचून जातात आणि पाणीही लागत नाही. तिथे जन्मलेल्या माणसाचा हात आपोआप त्या थैलीकडे जातो. प्रफुलचं आजोळ तिथलं. लहानपणापासून पाहिलेलं. त्याने मला थैलीत टाकलं आणि सांडव्याकडे पळाला.

मोहाचं झाड कारपासून साठ पावलांवर होतं.

मी आवाज देत होतो. कारला तो ऐकू येत नव्हता. चार मिनिटं तिने वाट पाहिली असावी. मग दुरून तिचा तो ओळखीचा छोटा खट्ट आवाज आला. तिने एसी बंद केला होता. दारं लावून घेतली होती. तिच्या हिशेबाने तिने बरोबरच केलं: मालक नाही, वीज वाचवा, कुलूप लावा. आत कोण आहे हे तिला विचारायला कोणी शिकवलं नव्हतं.

हे सगळं मला कळत होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

थैलीत आणखी चार मोबाइल होते. काळ्या रेग्झिनवर ऊन पडत होतं आणि आम्ही एकमेकांच्या अंगाने तापत होतो. त्या झाडाखाली रेंज येते म्हणजे एक काडी येते आणि जाते. ती गेली की मी जीव खाऊन टॉवर शोधतो, आणि शोधण्यात सगळ्यांत जास्त वीज जाते. सव्वीस टक्के. एकोणीस. अकरा. सांडव्याकडून हसण्याचे, ओरडण्याचे आवाज येत होते.

"अरे तिकडं धर, वर!"

"भाऊ, तुमी काठावरून शिकवू नका, पाण्यात या!"

मुखरूभाऊ खरोखरच पाण्यात उतरले, कारण चंदाच्या गाठी त्यांना पसंत नव्हत्या. जाळी पक्की झाली तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता.

मयुरी आधी कारपाशी गेली. ती नागभीडच्या कॉलेजात शिकते आणि ती ओरडत नाही. त्या दिवशी ओरडली.

"दादा! एसी बंद हाय! दार उघडून नाई राह्यलं!"

प्रफुल निथळत झाडाकडे धावला. थैलीतून त्याने मला ओढून काढलं तेव्हा माझ्यात तीन टक्के होते आणि मी हाताला चटका बसेल एवढा तापलो होतो. तो मला घेऊन कारकडे पळाला. पन्नास पावलं. चाळीस. वीस. मी कारला हाक मारायला सुरुवात केली. त्याने हँडलवर हात ठेवला आणि त्याच क्षणी माझ्या पडद्यावर तापमानाचं चिन्ह आलं. मग पडदा काळा झाला.

बंद पडलेला मोबाइल ऐकतो का, असं तुम्ही विचाराल. त्या सकाळी मी सगळं ऐकलं असं समजा.

"चार्ज कर न," चंदा म्हणाली.

"तार आत हाय, मावशी."

"मंग घरी लाव."

"लाइट कुठी हाय घरी?"

मयुरी काचेला दोन्ही हात लावून आत पाहत होती. "पिशव्या फुगल्या," ती म्हणाली. "आतली हवा तापली. वरच्या थरातल्या मासोळ्या तोंड वर काढून राह्यल्या."

"तुयी माय चावी घेऊन येईन का?" चंदाने प्रफुलला विचारलं.

"भद्रावतीहून? येईपर्यंत दुपार होते."

मयुरी आपला मोबाइल घेऊन मोहाच्या झाडाखाली गेली आणि तिने कार कंपनीचा नंबर लावला. तिला आठ मिनिटं गाणं ऐकवण्यात आलं. मग एका मुलीने अतिशय नम्रपणे सांगितलं की दार दुरूनही उघडता येतं, फक्त कारला रेंज हवी. कार होती तिथे रेंज कधीच नव्हती.

मुखरूभाऊंनी आपली मोटरसायकल आणली. तिच्या हँडलजवळ चार्जिंगची जागा होती आणि त्यांच्याकडे तारही होती. तारेचं टोक माझ्यात बसलं. सगळ्या बायका वाकून माझ्या काळ्या पडद्याकडे पाहू लागल्या. पण मी वीज घेतली नाही. घेता येत नव्हती. अंग इतकं तापलेलं असताना वीज आत घेतली तर बॅटरी फुगते, पेटही घेते. म्हणून आम्हाला घडवतानाच तशी मनाई घातलेली असते.

"थंडा करा त्याले," मुखरूभाऊ म्हणाले. "बुडवा तलावात."

"नाई भाऊ!" मयुरी ओरडली. तिने मला मोहाच्या सावलीत नेलं, एका बाईने पदराचं टोक पाण्यात भिजवून, पिळून माझ्याभोवती धरलं, दुसरी टोपलीने वारा घालू लागली. आजारी लेकराची करावी तशी माझी सेवा चालली होती, आणि खरी लेकरं काचेआड होती.

सात मिनिटांनी मी जागा झालो. मोटरसायकल पाळीवर चढवून आणली होती, तिचं इंजिन चालू होतं, तार मला जोडलेली होती. एक टक्का. दोन टक्के. प्रफुलने ॲप उघडलं. हिरवा गोल आला नाही. मी पूर्ण बंद पडून पुन्हा उठलो होतो, म्हणून ॲपला माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. त्याने लिहिलं: सुरक्षेसाठी आपली ओळख पुन्हा पटवा. आपल्या नंबरवर सहा आकडे पाठवले आहेत.

आकडे येईनात. रेंजची काडी येत होती, जात होती. मुखरूभाऊंनी मला हातात धरून फांदीच्या दिशेने वर उचललं.

"तुयीच गाडी, तुयाच मोबाइल," ते म्हणाले, "आन् तुलेच विचारते, तू कोण?"

आकडे आले. प्रफुलने टाकले. बोटं ओली होती, एक आकडा चुकला. पुन्हा मागवले. पुन्हा आले. टाकले. पडद्यावर एक गोल फिरू लागला: थांबा, चावी तयार होत आहे. तो फिरत होता. फिरतच होता.

"मेल्या!" कारपाशी कोणीतरी म्हणालं. "एका पिशवीतल्या आडव्या पडल्या."

चंदा पाळीवरून उतरून कारपाशी गेली. तिने आत पाहिलं. मग सांडव्याजवळ जाळीचे खुंट ठोकायला आणलेली लोखंडी सब्बल उचलली आणि प्रफुलसमोर आणून धरली.

"पाच मिनटं, मावशी," प्रफुल म्हणाला. "आता होते. पाहा न, फिरून राह्यलं."

"पाच मिनटं कोणाचे? तुये का त्याहिचे?"

"नवी गाडी हाय..."

"म्हणून तर मी नाई फोडत. गाडी तुयी हाय. तू फोडशीन तर फुटन. नाई म्हटलं तरी मी तुले बोल लावणार नाई. पण जे करतं ते आता कर."

प्रफुलने माझ्याकडे पाहिलं. मी फिरत होतो. मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटत होतं ते सांगतो. मला वाटत होतं, त्याने थांबावं. आणखी एकच मिनिट थांबावं. कारण काच फुटली असती तर मी हरलो असतो. काचेआड चोवीस पिशव्यांत जीव तडफडत होते आणि मला माझ्या हिरव्या गोलाची पडली होती. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

त्याने सब्बल घेतली. "मागची छोटी फोडतो."

"नाई," मयुरी म्हणाली. "मागं पिशव्या हायेत. काचेचे तुकडे घुसतीन. समोरची फोड, तुझ्या बाजूची. मधात मारू नको, कोपऱ्यात मार. कोपऱ्यात लवकर फुटते."

पहिला घाव सरकला. दुसऱ्याला काच साबुदाण्यासारखी झरझर खाली आली आणि कार किंचाळू लागली. तिच्या लेखी चोरी झाली होती. प्रफुलने आत हात घालून दार उघडलं, मग मागचं. बायकांनी रांग लावली. त्या कर्कश बोंबेतून पिशव्या हातोहात पाण्याकडे जाऊ लागल्या. शेवटच्या हाताशी मुखरूभाऊ होते.

प्रफुल पाण्यात उतरून पिशवीची गाठ सोडू लागला तशी चंदाने त्याचा हात धरला.

"खोलू नको!"

"मरून राह्यल्या, मावशी!"

"आतलं पाणी तापलं, तलावाचं थंडं. आत्ता सोडशीन तर जित्या हायेत त्याबी जातीन. तरंगू दे पिशवी. आंग मिळू दे पाण्याचं."

पिशव्या बांधलेल्याच पाण्यावर तरंगू लागल्या. पंधरा मिनिटं. चंदा गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून पिशवीतून पिशवीकडे हात फिरवत होती. कारची बोंब थकून थांबली. आणि त्या शांततेत, मोटरसायकलच्या सीटवर पडलेल्या माझ्यातून एक गोड घंटी वाजली. हिरवा गोल आला होता. मुखरूभाऊंनी मला उचलून, पाण्यातल्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं.

"चावी तयार आहे. आपला प्रवास सुखाचा होवो."

एक बाई हसली. मग दुसरी. मग चंदाही हसली, पण तिचा हात पिशवीवरच होता.

गाठी सुटल्या. पाच पिशव्यांतलं बीज पांढरं होऊन वर आलं. उरलेल्या एकोणीसमधली पिल्लं आधी पिशवीच्या तोंडाशी घुटमळली, मग एकेक करून गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. मुखरूभाऊंनी मेलेली पिल्लं टोपलीत गोळा केली.

"आमच्या पहिल्या साली याहून जास्त गेल्या होत्या," ते चंदाला म्हणाले.

पहिल्या साली त्यांची एकही पिशवी गेली नव्हती. गावात सगळ्यांना ते माहीत आहे. चंदाने मान हलवली आणि टोपलीला दुसऱ्या बाजूने हात लावला.

दुपारी आम्ही भद्रावतीला निघालो. फुटलेल्या काचेच्या जागी मयुरीने रिकामी पिशवी फाडून चिकटवली होती. ती वाऱ्याने फडफडत होती. मी पोटभर चार्ज होऊन समोर ठेवलेला होतो. वाटेत प्रफुल चहाला थांबला. मला खिशात घालून तो उतरला, दोन पावलं गेला, थांबला आणि परत आला. कार रिकामी होती. तरी त्याने दार उघडलं, पायपुसणं गुंडाळून दाराच्या फटीत अडकवलं आणि मगच चहा प्यायला. माझ्यावर रागावला असता तरी चाललं असतं. तो रागावला नाही. त्याने फक्त फट ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यातलं ॲप काढून टाकलं. नंतर नवा मोबाइल आला आणि मी प्रेमिलाकडे गेलो. आता मी संध्याकाळी पुन्हा दोघी बहिणींचा आवाज वाहून नेतो. मासे वीतभर झाले, असं परवा चंदा म्हणाली. ती म्हणते त्यातलं निम्मं धरावं, असं प्रेमिलाचं मत आहे.

मला नावं ठेवू नका, मित्रांनो, आणि फेकूनही देऊ नका. माझ्याकडून पुष्कळ कामं होतात. पण माझा जीव एका छोट्या बॅटरीत आहे. ती उन्हात तापते, डोंगराआड दमते आणि वय झालं की आधी न सांगता संपते. माझ्या कोपऱ्यातलं ते बारीक चिन्ह रोज एकदा पाहत जा. मी जे काम करतो ते दुसऱ्या एखाद्या माणसालाही करता येईल अशी सोय ठेवा. आणि ज्या दाराआड जीव आहे, मग तो बोटाएवढा का असेना, ते दार एकट्या माझ्या भरवशावर कधी लावू नका.